पिंकीची सही

मंगळवार, संध्याकाळ. कोल्हार.

सकाळी पिंकीचा स्पर्धेच्या हॉटेलातून फोन आला. "पप्पा, कोच लई शिव्या देतो. त्याला हटवा म्हणून सगळ्या पोरींनी पत्रावर सह्या केल्यात. मी करू का?"

भारताची गोलकीपर झाली म्हणून चौकात तिचा फ्लेक्स लागलाय. संघातून काढलं तर तो फ्लेक्स कुठल्या तोंडानं बघू? म्हणालो, "नको. तू फक्त गोल अडव."

आत्ता टीव्हीवर सामना संपला. चार गोल झाले. चारही वेळा ती जमिनीवर पडून राहिली, हात द्यायला एकही पोरगी आली नाही. बायको म्हणाली, "तिनं तुमचं ऐकायलाच नको हुतं."

फोन लावतोय, उचलत नाही. मी पोरीचं बघितलं की माझं?

फ्लेक्सवर पहिला शुभेच्छुक म्हणून माझाच फोटो आहे.