आधी पाला, मागून मासे

आये, आज अठरा दिवस झाले, घरात काचेची टाकी भरून ठेवली आहे आणि तिच्यात एकही मासा नाही. नुसती वाळू, पाणी आणि हिरवा पाला. लेक शाळेतून येते आणि दप्तर खाली ठेवायच्या आधी विचारते, "बाबा, मासे कधी?" मी तिला तुझंच उत्तर देतो, पण तुझं म्हणून देत नाही. ही खोड जुनी आहे माझी, मोखाड्याच्या शाळेतली. तिथे साहेब तपासणीला आले त्या दिवशी तू दारात उभी होतीस. माझं बोलणं तू ऐकलंस का, हे तुला कधी विचारलं नाही. तू जाऊनही आता पंधरा वर्षं झाली.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं आणि विज्ञानाचा मास्तर म्हणून कानात वारं शिरलं होतं. शाळेत टाकी आली त्याच दिवशी मी विहिरीचं पाणी भरलं आणि नाशिकहून आणलेले सात लाल मासे सोडून मोकळा झालो. चौथ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं. आपल्या घरात कालचं पाणी कुणी ठेवत नाही. तू रोज सकाळी हंडे-कळशा राखेनं घासायचीस, शिळं पाणी अळवाला ओतायचीस. मी त्याच वळणावर गेलो. मासे बादलीत काढले, टाकी उपसली, वाळू उन्हात वाळवली, काच घासून लख्ख केली. एकदा नाही, दोनदा. आठवड्याभरात सातही मासे उताणे तरंगले. घरी येऊन मी कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा तू चुलीपुढून म्हणालीस, "नव्या पान्यात मासं सोडाचं नाय रं. त्यांची घान पचवाला त्यात कोन हाय? आधी पाला लाव. पाला रुजला का मंग मासं." मी म्हटलं, "पाणी चांगलं स्वच्छ होतं." तू हसलीस. "तुला प्यायला सोच्छ. मासाला नाय."

पुढच्या आठवड्यात तू माहेरी दाभोशाला गेलीस आणि येताना कळशीभर नदीचा पाला घेऊन आलीस. जव्हारला जीप बदलून, ती कळशी सगळ्या वाटेनं मांडीवर धरून. तळाशी नदीची वाळू होती, मुद्दाम न धुतलेली. रविवारी शाळा रिकामी असताना तू बांगड्या मागे सारून टाकीत हात घातलास आणि एकेक काडी रोवलीस. दहा दिवसांत सगळा पाला पिवळा पडला. मी तो उपटायला गेलो तर तू माझ्या हातावर चापट मारलीस, नोकरदार मुलाच्या! "आवन लावल्यावर भात पिवला नाय पडत? जुना पाला जानारच. शेंडा बघ." शेंड्याला खरोखरच नखाएवढं कोवळं पान होतं. मग आपण नदीतले दोनच मासे सोडले, ते जगले, मग आणखी पाच. तुला त्यांचं किती कौतुक होतं, आये.

तपासणीच्या दिवशी साहेब टाकीपुढे वाकून उभे राहिले. हलत्या पाल्यातून मासे फिरत होते. "गुरुजी, हे कसं साधलंत?" मी म्हणालो, "पुस्तकात वाचून, साहेब." तेवढ्यात दारात तू, काखेत कळशी, तिच्यातून डोकावणारा नवा पाला, लुगडं एका बाजूनं भिजलेलं. "ह्या कोण?" साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "पाणी आणतात आमच्याकडे." तू कळशी उंबऱ्याशी ठेवलीस, पदर डोक्यावर ओढलास आणि निघून गेलीस. पुन्हा शाळेत आली नाहीस. गुडघे दुखतात, म्हणायचीस. नदीवर मात्र जायचीस.

आता मला अमोनिया माहीत आहे, तो पचवणारे वाळूतले जिवाणू माहीत आहेत, पाला तोच अमोनिया खातो हेही मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. तुझं एक वाक्य खोटं निघालं नाही. काल टाकीत नवं पान आलं. लेक झोपाळ्यावर होती, तिला हाक मारणार होतो, पण मला ते तुला दाखवायचं होतं. तू यावंस, मला कोपरानं बाजूला सारावंस, पाण्यात हात घालावास, एवढंच वाटत राहिलं. खूप आठवण येते गं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि घरात वाचून दाखवायचं धाडस नाही. म्हणून इथेच लिहून टाकतो. तू ऐकलं होतंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी तू ताट वाढलंस आणि एवढंच विचारलंस, "मासं बरं हायती ना?" तू विषय काढला नाहीस, म्हणून मला हायसं वाटलं होतं, आये. मी एक भाकरी जास्त खाल्ली.