हुफूफच्या गच्चीवरून दिसलेले चिनी

धाकट्या कादिरला थोरलीचा सलाम.

बोलतेय मी, लिहितेय नात लाइबा. तिचं मराठी तुझ्या चालीसारखं वाकडं आहे, चालवून घे.

माझ्या लेकाने, फहादने, अट घातली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नीट दिसलं, तरच ईदला तुझ्याकडे दापोलीला यायचं तिकीट. परवा तीन चिनी माणसं रॉकेटने त्यांच्या आभाळातल्या स्टेशनवर पोचली. ते स्टेशन काल संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर इथे सौदीत, आमच्या हुफूफवरून जाणार होतं. गच्चीवर फहाद मोबाइल धरून भलतीकडेच बघत होता.

मी म्हटलं, "अरे, इकडे बघ, खजुरांच्या वर. चाललंय सरळ."

सवयीने माझे हात दुआला उठले.

लाइबा हसली, "दादी, तो चांद नाही."

"ठाऊक आहे गं. पण माणसं आहेत ना आत, घरापासून लांब."

फहादने तिथेच मोबाइलवर तिकीट काढलं.

लहानपणी ईदचा चांद आधी दिसायचा मला आणि ओरडायचास तू. यंदा मीच ओरडणार. म्हणून हे पत्र पाठवत नाही, चांद दिसल्यावर हातातच देईन. आधी कळलं तर तू चष्मा बदलून घेशील.

तुझी, दोन्ही डोळ्यांनी शाबूत,
शरीफाआपा
(सही नाही, अंगठा)