डेल्बर्टची बिअर आणि बाहेरची हवा

राइस लेक, विस्कॉन्सिन
मंगळवार

ती. ऑर्विलदादास,

धाकट्या वर्नाचा नमस्कार. कंबर कशी आहे? वहिनीला म्हणावं, मुरांबा पोचला. बरणी फुटली होती, पण चव शाबूत होती.

इकडे सगळे ठीक, डेल्बर्ट सोडून. आमच्या जोलीनच्या लग्नात घरचीच बिअर द्यायची, असा बापाचा हट्ट. (गेल्या नाताळात त्याच्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. तू दोन ग्लास प्यायलास, देव तुझं भलं करो.) तयार बिअरला हवा लागली की असं होतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून घरात आम्हाला श्वास घ्यायची चोरी. पिंपात भरण्याआधी बिअर थंड करायची, म्हणजे गाळ बसतो; पण थंड होताना आतला वायू आकसतो आणि भांडं बाहेरची हवा ओढून घेतं. यावर आमच्या शास्त्रज्ञाने काढलेला तोडगा म्हणजे फुगा! बिअर फसफसत असताना निघालेला वायू त्यात भरला, फुगा भांड्याच्या नळीला बांधला आणि सगळं लटांबर माझ्या फ्रिजमध्ये. दूध, अंडी, बटाट्याचं सॅलड गॅरेजमध्ये हद्दपार. भांड्याने ओढलाच तर फुग्यातला वायू ओढावा, हवा नाही. तीन दिवस हा फ्रिजसमोर स्टूल टाकून, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसा.

"दार उघडू नकोस हं, वर्ना!"

"अरे, बंद दारातून तुला दिसतंय तरी काय?"

यावर त्याने स्टूल आणखी पुढे ओढलं.

एवढं करून काल पिंपातली बिअर चाखली. पुठ्ठा! डेल्बर्ट जेवलाच नाही. "माझ्या हातालाच यश नाही," म्हणाला, "पोरीच्या लग्नात लोकांना काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "फुग्याच्या भरवशावर राहिलं की असंच व्हायचं." (जरा लागलं असावं त्याला.)

तुझी,
वर्ना

ता. क. तुझ्या तळघरातली बिअरची दोन पिंपं शुक्रवारी गुपचूप आणशील? डेल्बर्ट केस कापायला जाईल तेव्हा अदलाबदल करू.

आणखी ता. क. फुग्यात खोट नव्हती. त्या तीन दिवसांतल्या रविवारी तो चर्चला गेला आणि मी झाकण उघडून एक कप काढला. मग आणखी दोन. फुगा मलूल दिसला, म्हणून तोंडाने फुगवून परत बांधला. दादा, आजवर त्याच्या हातून इतकी सुरेख बिअर झाली नव्हती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक आहे. त्याला तू सांग. माझ्याच्याने होत नाही.