सोळा माणसांचा बंब

२१ नोव्हेंबर १९७४, सांगली
वखारीतून गाडी आली. बाभूळ, तीही ओली. वखारवाला म्हणे, "वैनी, वाळल्यालं जळाण मिळत न्हाई आता. मिळालं तर परवडत न्हाई." म्हटलं, सोळा माणसांचं पाणी तापतं या घरात, तुझ्या लाकडानं नुसते डोळे तापतील. चार ओंडके जास्त टाकून गेला. रॉकेलच्या रांगेत शालन (मधली जाऊ) दोन तास उभी. तीन लिटर मिळालं.

पहाटे बंब पेटवते तो नऊपर्यंत विझू देत नाही. एका विस्तवावर सगळं घर न्हातं. याचा मला गर्व आहे, लिहायला काय जातंय.

धाकटी जाऊ सुमन तिसऱ्या महिन्यात. चार दिवस झाले, बंबाचं पाणी घेत नाही. थंडच बरं वाटतं म्हणते. एकेकीची तऱ्हा. परवा विलास (तिचा नवरा, माझा धाकटा दीर) तिला मिरजेला घेऊन गेला होता, दाढ दुखते म्हणून. जुन्या पातळांची दुपटी शिवायला घेतली आहेत मी. सहा झाली.

५ डिसेंबर
लाइटचं बिल (ला.बि.) त्रेचाळीस रु. दर महिन्याला तिसाच्या आत येतं. दिवाळीची रोषणाई सोडली तरी बारा रुपये कशाचे? ह्यांना दाखवलं. "बघ तूच, घरातलं तुला ठाऊक," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. जिन्यातला दिवा काढून पंचवीसचा लावला. माडीवरचे दोन काढूनच टाकले. मामंजींना संध्याकाळी जिना दिसला नाही, रागावले.

६ डिसेंबर
सापडलं. विलासच्या खोलीत खाटेखाली बादली, बादलीत विजेचा रॉड. म्हणजे थंड पाणी बरं वाटतं ते हे! खाली मी धुरात डोळे फोडून घेते आणि वर राणीसाहेबांचं पाणी बटणावर तापतं.

जेवताना बोलले. सगळ्यांदेखत. "ज्यांना वेगळं पाणी लागतं त्यांनी वेगळं बिल भरावं." सुमननं ताटातला हात तसाच ठेवला. विलासनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं उलट बोलायला हवं होतं. लहानपणी साबण डोळ्यात गेला तर केवढा भांडायचा.

९ डिसेंबर
विलासनं वायरमन आणून खोलीच्या दाराबाहेर सब-मीटर बसवून घेतला. मला विचारलं नाही. मामंजी खाटेवरून म्हणाले, "ह्या घरात मीटर दोन कवापास्नं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले.

जाता-येता त्या मीटरची चकती दिसते. फिरत नाही. वि.नं रॉड लावणंच बंद केलंय बहुतेक. सुमन आता बंबाचंच पाणी घेते, सगळ्यांच्या शेवटी, अर्धी बादली. जास्त घे म्हणायला गेले आणि बंबात लाकूड सारलं.

१६ डिसेंबर
विलासची बदली सातारला. शालन म्हणते बदली झाली नाही, मागून घेतली. गेल्या वर्षी हीच बदली त्यानं नाकारली होती, वैनीला सोडून जाणार नाही म्हणून. हापिसातले हसले होते त्याला.

मी या घरात आले तेव्हा तो चार वर्षांचा. सासूबाई वर्षात गेल्या. माझी दोन पोटातच गेली, तिसरं राहिलं नाही. विलास राहिला. बंबाशेजारी पाटावर बसवून त्याला न्हाऊ घालायचे, अंगावर राख उडाली की म्हणायचा, पुन्हा घाल.

सातार माझं माहेर. आईला पत्र टाकलं, खोली बघ म्हणून. म्हणजे मीच त्यांना घर शोधून देते आहे.

२८ डिसेंबर
गेले. आठची एस.टी.

स्टँडवर गेले होते. डबा दिला, चटणी दिली. सुमन खिडकीशी जाऊन बसली. वि. खाली उभा. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, तिथं तरी स्टोव्ह घ्या, त्या रॉडला बिल फार येतं.

मी का बोलले? माझी जीभ.

तो हळू म्हणाला, "वैनी, ते पाणी आंघुळीचं नव्हतं. पिशवीत भरून पोटाला शेकायचं हुतं. मिरजेला दाढ न्हवती दाखवली."

मला कळेना. मग कळलं.

"पोर गेलं तवा तिला बाजूला बसाय लागलं असतं. बंबाला शिवायचं न्हाई, आन चोरून शिवाय तिचं मन धजंना. मग पाणी तुमच्याकडंच मागाय पायजे, आन मागितलं की तुमाला कळलं असतं. तुमी दुपटी शिवत हुता. तिला सांगवंना. मलाबी."

कंडक्टरनं घंटी मारली. तो चढला. मी गाडीबरोबर चार पावलं चालले.

२९ डिसेंबर
शिवाशिव या घरात माझीच कडक. बाजूला बसलेलीनं मोरीच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा नियम सासूबाईंचा, पण त्यांच्यापेक्षा मीच जास्त पाळला. माझी गेली तेव्हा मीही मागच्या खोलीत बसून कुणी ऊन पाणी आणून देईल का म्हणून वाट बघितली होती. कुणी आणलं नव्हतं. तरी मी शिकले नाही.

ती पोर पंधरा दिवस त्या अंगानं माझ्यासमोर भाकऱ्या थापत होती. मी तिला कामचुकार समजले.

ह्यांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं." माहीत नव्हतं हे खरं. विचारलं नाही हेही खरं. आज पोटभर रडले, मोरीत, धुराचं निमित्त करून.

७ जानेवारी १९७५
ला.बि. अठ्ठावीस. जिंकले मी.

बंब अजून पूर्ण भरते. हात सवयीनं भरतो. दोन बादल्या पाणी उरतं आणि तसंच निवतं. शालन म्हणाली, "जाऊबाई, जळाण वाया जातंय." जाऊ दे म्हटलं. मी असं म्हणाले याचं तिला नवल वाटलं.

१४ जानेवारी
सातारला तिळगूळ पाठवला. पत्र तीन वेळा लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी नुसता तिळगूळ.

१८ जानेवारी
दुपारी पोस्टमन. सातारहून मनिऑर्डर, बारा रुपये. खाली विलासचं अक्षर, एकच ओळ: "वहिनी, नोव्हेंबरच्या पाण्याचे."

पोस्टमननं पेन पुढं केलं. हात पुढं होईना. सही केली तर पैसे घेतले असं होईल. परत पाठवले तर त्याला वाटेल, राग अजून गेला नाही. पोस्टमन म्हणाला, "आठवडाभर ठिवतो बाई हापिसात. मग परत जाईल."

शालनला विचारलं, मी दोन दिवस नसले तर बंब पेटवशील का? "पेटवीन की," म्हणाली. कुठं जाणार ते तिनं विचारलं नाही. सातारची पहिली गाडी सहाला आहे.

पिशवी भरायला घेतली. शेंगदाणे, हळद, शेकायची रबरी पिशवी एक नवी घेतली बाजारातून. नऊ दुपटी आहेत कपाटात. न्यावीत का? पिशवीत ठेवली, मग काढली. खाटेवर पडली आहेत.