बावीस लाखांचा गुडघा

३ फेब्रुवारी, सोमवार

परत वाजला गुडघा. जिना उतरताना — कट्! मी मागेच होते. नितेशने वळूनसुद्धा बघितलं नाही. "बूट वाजला गं," म्हणाला. बूट! पायात चपला होत्या.

पुढच्या बुधवारी टीमची मेडिकल. पास झाला तर बावीस लाखांच्या करारावर सही. नाही तर हातात नारळ.

लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा नाहूरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगने फटाके फोडले. लोकांना वाटतं, पैसे पोत्यात भरून घरी आले. अरे, कबड्डीचे पैसे हप्त्यांनी येतात! पहिला सहीनंतर, दुसरा अर्ध्या सीझनला, तिसरा मालकाच्या मनात येईल तेव्हा. गेल्या वर्षीचा तिसरा अजून यायचाय. म्हणे, स्पॉन्सर पळाला. मग आमच्या फ्लॅटचं लोन का नाही पळत?

५ फेब्रुवारी, बुधवार

नितेश आंघोळीला गेला तेव्हा करार वाचून काढला. जुनी दुखापत लपवली असेल तर करार रद्द, आणि दिलेले पैसेही परत घेणार!

म्हटलं, "सुबोधदादांना सांगून टाकूया ना." सुबोधदादा टीमचे मॅनेजर. आमच्याच मंडळात खेळून मोठे झाले.

"वेडी आहेस काय? माणूस चांगला आहे, पण पगार मालकाचा घेतो. माझ्या जागेवर निम्म्या पैशात खेळायला पोरं रांग लावून उभी आहेत. तोंड बंद ठेव."

ठेवलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगावंच लागलं. रोज शेकायची पिशवी गरम होताना त्यांना दिसत नाही थोडंच! रडल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी मंडळात पूजा आसा. धाकूकाकांका सांगतंय, गाऱ्हाणा घालतले."

गाऱ्हाणं म्हणजे काय मनातल्या मनात हात जोडणं आहे? मंडळातले म्हातारे धाकूकाका देवासमोर उभे राहून खणखणीत आवाजात सगळं बोलणार — कोणाचा कोण, काय दुखतंय, काय हवंय — आणि पूर्ण हॉल 'व्हय म्हाराजा' म्हणणार! पहिल्या रांगेत सुबोधदादा. वर कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकणार. वाट लागली!

म्हटलं, "आई, गुडघ्याचं नाव काढायचं नाही. फक्त कराराचं मागा."

"अगो, देवाकडे सगळा बोलूक व्हया. अर्धा गाऱ्हाणा घालूचा नसता."

"देवाला ठाऊक आहे ना सगळं? मग झालं!"

जरा जास्तच चिडले मी. आई उठून आत गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

पूजेला जोडीने आम्हालाच बसवलं! म्हणजे पाटावर मांडी घालून. घरी हा माणूस महिनाभर खुर्चीवर बसून जेवतोय. कथा संपता संपेना. नितेशच्या कपाळावर घामाच्या धारा. सुबोधदादा मागून म्हणाले, "काय रे, बायको शेजारी बसली की एवढा घाम?" सगळे हसले. मीही हसले.

मग धाकूकाका उभे राहिले. मी डोळे घट्ट मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या नितेशाचो करार होवं दे, डॉक्टरांच्या टेस्टीत पास होवं दे, ठरलेले पैशे टायमार येवं दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

गुडघ्याचं अक्षर नाही. ऐकलं आईंनी माझं. केवढं हायसं वाटलं! उठताना नितेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना प्रेम वाटलं असेल. सगळा भार टाकला होता त्याने.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या. आईंशी धड बोललेही नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पास! पास! पास!

रक्त, छाती, वजन सगळं झकास. गुडघा दाबून, वळवून बघितला, हा हसत उभा! जाताना मुलुंडला कुठल्याशा दवाखान्यात दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन गेला होता. मला घरी आल्यावर सांगतोय, शहाणा! सही झाली, पहिला हप्ता खात्यात आला. सुबोधदादांनी हार घातलेला फोटो ग्रुपवर टाकला. मी पेढे वाटले. आईंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजेक्शन उतरलं. सकाळी नितेश पलंगाच्या कडेला बसून राहिला. पाय सरळच होईना. उद्यापासून टीमचा कॅम्प. तिथे चढाईला गेला की चार-चार जण त्याच पायावर पडणार. आणि आता दुखतंय म्हणायचीही सोय नाही, सही केलीय.

"अबोली, आता खेळायला लागणार गं मला," म्हणाला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

करार दिला, पास केलं, पैसेही टायमार. देवाने मागितलं ते सगळं दिलं. गुडघा कोणी मागितलाच नाही. मीच मागू दिला नाही.