सवतीच्या पापण्या

९ फेब्रुवारी, गारखेडा
आले बाई एकदाची सासरी! पैठणला आम्ही दोन खोल्यांत आठ माणसं. इथं तीन खोल्या, वर गच्ची, आणि माणसं तीनच. मी, हे आणि ह्यांच्या आई, म्हणजे माझ्या आत्याबाई. हे शेंद्र्याला कंपनीत सुपरवायझर. बिजवर म्हणून मैत्रिणींनी नाकं मुरडली, पण माणूस लई गुणाचा आहे. पहिली बायको रत्नमाला दोन वर्षांमागं तापानं गेली. त्याआधीच ह्यांचा डावा डोळा गाठीच्या आपरेशनात खोबणीसकट काढलेला. तिथं रबरासारखा नकली डोळा बसतो, पापण्यांसकट. मला आधीच सांगितलेलं, मी घाबरले नाय.

आत्याबाईंनी सवतीचा चांदीचा टाक पुढं केला. तिचा चेहरा उठवलाय त्यावर. दुसरेपणाच्या बायकोनं तो गळ्यात घालायची रीत आहे, म्हणजे पहिली शांत राहते, म्हणाल्या. मी साफ नाय म्हटलं. नवरा माझा अन् गळाही माझाच.

१२ फेब्रुवारी
डोळ्याची निगा मी मागून घेतली. रात्री काढून डबीत ठेवायचा, सकाळी कोमट पाण्यात साध्या साबणानं, मऊ ब्रशनं धुवायचा, कोरडा करून बसवायचा. स्पिरिट अजिबात नको, कडा फाटतात. मागं तीन मॅग्नेट आहेत, ते हाडातल्या खिळ्यांना 'खट्' करून धरतात.

पण मी बसवला की धरेचना! कुणी आतून ढकलल्यागत मागं सरतो. ह्यांनी लावला की लगेच खट्. हसून म्हणाले, रत्नाच्या हाताची सवय आहे त्याला. मेलीचं कौतुक मला कशाला? वर मलाच दोनदा रत्ना म्हणून हाक मारली. रूपा म्हणतील तेव्हा मी ह्या घरची.

१८ फेब्रुवारी
सकाळी डबीत डोळा नाय. शोधला, तर रत्नमालाच्या लोखंडी कपाटाला चिकटलेला, तोंड स्वयंपाकघराकडं. आत्याबाई म्हणाल्या, मॅग्नेट लोखंडाला चिकटणारच. व्हय, पण तिथवर गेला कसा?

मग त्यांच्या पोटातलं ओठावर आलं. पापण्यांना माणसाचेच केस लागतात म्हणे, तेव्हा रत्नमालानं आपले दिले होते. म्हणजे रोज सकाळी मी सवतीचे केस धुतेय! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

२० फेब्रुवारी
मॅग्नेट सैल झालेत, दाखवून आणते, अशी थाप मारली. हे डोळ्याला पट्टी बांधून कामावर गेले. चिमट्यानं एकेक पापणी उपटली, गॅसवर जाळली. माझे कुरळे केस बारीक सुईनं ओवले.

संध्याकाळी मी बसवला. खट्! पहिल्यांदा माझ्या हातून. अन् हे म्हणाले, रूपा, चहा टाक. मी चहा गाळताना रडले. जिंकले गं बाई!

२१ फेब्रुवारी
नकली डोळ्याच्या पापण्या सरळ झाल्यात. लांब, जाळलेल्या होत्या तशाच. माझे केस नायत ते. उपटल्या. दुपारी पुन्हा—

माझ्या डाव्या डोळ्याच्या पापण्या उशीवर पडलेल्या. सगळ्या.

२२ फेब्रुवारी
आत्याबाईंच्या पाया पडले. टाक द्या, घालते म्हटलं. त्यांनी काढला. चांदी सपाट. चेहराच नाय त्यावर. त्या देवघरात जाऊन बसल्या, माझ्याकडं बघेनात.

२३ फेब्रुवारी, सकाळी
नकली डोळा धुताना आरशासमोर माझ्या बोडक्या डाव्या डोळ्याजवळ धरला. तिथं पापण्या कशा दिसतील बघायला, एवढंच— खट्.

माझ्यात तर मॅग्नेट नाय— निघेना— ओढलं की आतून कुणी धरतंय—

हे आले. बघत राहिले. एवढ्या मायेनं माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. म्हणाले, रत्ना.

मी रूपा, असं सांगणार होते. तोंडून ओ गेली. मी नाय दिली, ती—