बाबांच्या आवाजात

बाबा,

हिरो कधी झाला नाहीत, पण चार भाषांच्या सिनेमांत कुणाचे ना कुणाचे बाप होऊन बसलात. परवा पडद्यावर आजारी लेकीच्या उशाशी असे रडलात, की शेजारची बाई माझ्याकडेच रुमाल मागायला लागली.

उद्या आईचं ऑपरेशन आहे. सकाळपासून ती तुमच्या फोनची वाट बघत होती. शेवटी मीच मित्राच्या फोनवरून, गच्चीत उभा राहून, तुमचा आवाज काढला. खोकलासुद्धा तुमचाच. "शूटिंग लांबलंय गं. तू जेवलीस का?"

आई हसली. "गधड्या, खाली ये. त्यांनी हे कधी विचारलं नाही."

दमलो, बाबा. हे पत्र पाठवत नाही. पाठवलं तर सेटवर तुम्ही ते फार छान वाचून दाखवाल.

तुमचा,
घरातला डुप्लिकेट